उगाच एक शंका

या वेळी पत्रांचा आणि मेलचा ढीग मोठा आहे आणि जागा मात्र तेवढीच, त्यामुळे काहींना लांबलचक उत्तर मिळेल आणि काहींची दोन ओळींत बोळवण होईल, रागावू नका. कोणत्या शंकेला किती जागा द्यायची याचा माझा हिशोब सोपा आहे, उत्तर कळल्यावर जी शंका गप्प बसते ती छोटी.

ताई, आमचा सीलिंग फॅन दिवसभर गरगर फिरत असतो तरी पात्यांवर एवढी धूळ बसते कशी? एवढ्या वाऱ्यात ती उडून जायला नको का? सध्या आडवं पडून वर बघण्याखेरीज मला काही काम नाही.
– आळशी नंबर वन

सुट्टी सत्कारणी लागतेय म्हणायची! आपल्याला वाटतं पातं हवेतून सपासप जातंय म्हणजे त्याच्यावरून जोरात वारा वाहत असणार. वाहतो, पण पात्यापासून थोडा लांब. पात्याला अगदी चिकटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते, म्हणजे पात्याच्या हिशोबाने तिथे वारा शून्य, तिच्या वरचा थर किंचित सरकतो, त्याच्या वरचा अजून थोडा, असं करत करत दोन-तीन मिलिमीटरवर खरा वारा सुरू होतो. धुळीचा कण त्यापेक्षा कितीतरी बारीक, तो त्या शांत थरात मजेत पडून राहतो. टेबलावरची बारीक धूळ फुंकून जात नाही, बोटाने पुसावी लागते, त्याचंही कारण हेच. आणि धूळ पात्याच्या पुढच्या कडेला जास्त का दिसते, तर हवा त्या कडेपाशी पटकन वळसा घेते, जड कणाला तेवढं पटकन वळता येत नाही, तो आदळतो आणि चिकटतो. हा थराचा प्रकार लुडविग प्रांटल नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०४ साली हायडेलबर्गला गणितज्ञांच्या परिषदेत एका छोट्याशा भाषणात मांडला होता, आज विमानाच्या पंखांचं डिझाइन त्याच्याशिवाय होत नाही.

पण माझं डोकं अडकतं ते पुढे. वारा आहे की नाही हे विचारायचं कोणाला? तुम्हाला विचारलं तर सुसाट वारा आहे. कणाला विचारलं तर तो म्हणेल कसला वारा, मी निवांत बसलोय, ही खोली आणि त्यात आडवा पडलेला एक माणूस तेवढा गरगर फिरतोय. आणि वाऱ्यापुरतं बोलायचं तर तो खोटं नाही बोलत. तुम्हीही स्थिर पडलोय असं समजताय पण पृथ्वीबरोबर सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने निघालाय, अख्खी खोलीच बरोबर येतेय म्हणून पत्ता लागत नाही इतकंच. तेव्हा आळशी म्हणवून घेऊ नका.

आरसा डावं-उजवं उलटं करतो, मग वर-खाली का नाही करत? नवरा म्हणतो आपले डोळे आडव्या रेषेत आहेत म्हणून. मला काही ते पटलं नाही.
– आरशासमोरची

एक डोळा मिटून बघा, काहीही फरक पडत नाही, म्हणजे नवऱ्याचा मुद्दा बाद.

खरी गोष्ट अशी की आरसा डावं-उजवं उलटं करतच नाही. आरशासमोर उभं राहून हात खिडकीच्या दिशेला करा, आरशातला हातही खिडकीच्याच दिशेला जातो. छताकडे करा, तोही छताकडे. आता आरशाकडे बोट दाखवा, तिकडचं बोट तुमच्या दिशेला येतं. म्हणजे उलटं झालं ते फक्त पुढे-मागे. मग डावं-उजवं आलं कुठून, तर ते आपण आणलं. आपण मनातल्या मनात चालत वळसा घालून आरशामागे जातो आणि त्या बाईच्या जागी उभं राहून बघतो, आणि वळसा घालताना डावं-उजवं बदलतंच. माणसं जर वळसा घालायच्या ऐवजी कोलांटी मारून पलीकडे जात असती तर आज तुम्ही मला विचारलं असतं की आरसा वर-खाली उलटं का करतो. विश्वास बसत नसेल तर पारदर्शक प्लास्टिकवर तुमचं नाव लिहा आणि स्वतःला सरळ वाचता येईल असं आरशासमोर धरा. आरशातही ते सरळच दिसेल! कागदावरचं उलटं दिसतं कारण तो आरशाला दाखवायला तुम्हीच फिरवलेला असतो.

आता आरशाचा विषय निघालाच आहे तर अजून एक. बाथरूमच्या आरशावर वाफ बसली की एक डोळा मिटून त्या वाफेवर बोटाने आपल्या चेहऱ्याची कड काढा, कपाळापासून हनुवटीपर्यंत. नंतर तो आकार मोजा, तुमच्या खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मा भरेल. मागे सरकून पुन्हा काढा, तरी निम्माच, कारण प्रतिमा आरशाच्या मागे तेवढ्याच अंतरावर असते आणि आरसा सतत मधोमध येतो. रोज बघतो आपण आणि हे कोणालाच दिसलेलं नसतं.

आणि एवढं बघूनही स्वतःचा चेहरा आपल्या ओळखीचा होत नाही तो नाहीच. १९७७ साली अमेरिकेत मिटा, डर्मर आणि नाइट या तिघांनी एक साधा प्रयोग केला, माणसाचा एकच फोटो दोन प्रकारे छापला, एक जसा आहे तसा आणि एक आरशातल्यासारखा उलटा, आणि कुठला बरा वाटतो ते त्या माणसाला आणि त्याच्या जवळच्यांना विचारलं. स्वतःला बहुतेकदा उलटा आवडला, जवळच्यांना सरळ. सवयीचं आवडतं, बस. त्यामुळे ‘माझा फोटो चांगला नाही आला’ आणि ‘अगं, अगदी तुझ्यासारखा आलाय’ हे जे कायमचं भांडण आहे त्यात दोघंही प्रामाणिक असतात. फक्त तुमचा चेहरा कसा आहे याबाबतीत तुमचं मत हे अल्पमत आहे, बाकी सगळ्या जगाचा कौल वेगळा आणि तो तुम्हाला कधीच बघायला मिळत नाही. मला हे जरा अन्यायाचं वाटतं, पण तक्रार कुठे करायची तेही कळत नाही.

आणि रेकॉर्ड केलेला आपला आवाज एवढा भिकार का वाटतो?
– गाणं सोडलेला

कारण एरवी तुमचा आवाज तुम्हाला हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दोन्हीकडून ऐकू येतो, हाडांतून येताना खालचे सूर जास्त भरीव होतात आणि रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. बाकीचे कायम तोच रेकॉर्डिंगवाला आवाज ऐकत आलेत आणि तरी तुमच्याशी बोलतायत. गाणं पुन्हा सुरू करा.

मी ज्या रांगेत उभा राहतो तीच हळू का सरकते? कितीदाही बघा, शेजारची पळते. हे नशीब आहे की गणित?
– रांगेतला शेवटचा

गणित आहे, आणि ते जरा क्रूर आहे. समजा चार रांगा आहेत. चारातली सगळ्यात वेगवान रांग तुमची असण्याची शक्यता चारात एक, म्हणजे चारपैकी तीन वेळा कुठली ना कुठली रांग तुमच्यापुढे जाणारच, आणि तुम्ही बघणार ती नेमकी तीच, तुमच्यापेक्षा हळू असलेल्या रांगांकडे कोण मान वळवून बघतो? रांगांचं शास्त्रच आहे, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाचा १९०९ सालचा पेपर ही त्याची सुरुवात मानतात. जिथे सगळ्यांची एकच लांब रांग करून पुढे जो काउंटर मोकळा होईल तिथे पाठवतात तिथे ही जळजळ बंद होते, कारण जळायला शेजारची रांगच उरत नाही.

पण शक्यता समान असतानाही आपणच मागे असं वाटतं, त्याचा खुलासा रस्त्यावर मिळतो. १९९९ साली रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोघांनी ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात दाखवलं की दोन लेन सरासरी अगदी सारख्याच वेगाने जात असल्या तरी दोन्हीकडच्या ड्रायव्हरला दुसरीच वेगवान वाटते. का, तर तुमची लेन पळते तेव्हा तुम्ही भराभर गाड्या मागे टाकता आणि ते झटक्यात उरकतं, तुमची लेन अडकते तेव्हा मात्र त्याच गाड्या सावकाश एकेक करून तुमच्या डोळ्यांदेखत पुढे जातात. पुढे गेलेल्या आणि मागे पडलेल्या गाड्यांचा हिशोब फिट्टंफाट, पण मागे पडण्यात घालवलेली मिनिटं जास्त. आणि मनाला मिनिटं लक्षात राहतात हो, गाड्या नाही.

ह्याच जातीची अजून एक गंमत म्हणजे स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९९१ साली मांडलेली, की सरासरीने तुमच्या मित्रांना तुमच्यापेक्षा जास्त मित्र असतात. ऐकायला अशक्य वाटतं पण ज्याला खूप मित्र तो खूप जणांच्या यादीत येतो आणि ज्याला एकच मित्र तो एकाच यादीत, म्हणजे प्रत्येकाच्या यादीत गोतावळेवाले जरा जास्तच भरतात. फोन उघडून बाकी सगळे मजेत आहेत आणि आपणच मागे असं ज्यांना ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा शांतपणे वाचावं. तुम्ही मागे असालही, मी नाही म्हणत नाही, पण तसं वाटणं हा त्याचा पुरावा नव्हे.

ताई, स्पष्ट बोलतो. ही सगळी उत्तरं फोनवर दोन सेकंदांत मिळतात. या रिकामटेकड्या शंकांचा उपयोग काय?
– व्यवहारी

काही नाही. इथे लोक लगेच भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांचं उदाहरण देतात, कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये कोणीतरी हवेत उडवलेली प्लेट डगमगताना बघून त्यांनी निव्वळ गंमत म्हणून तिचं गणित मांडलं आणि तोच धागा पुढे १९६५ च्या नोबेलपर्यंत पोचला असं ते स्वतः सांगायचे. गोष्ट छान आहे, पण ती सांगून मी तुम्हाला गप्प करणार नाही, कारण डगमगत्या प्लेटा लाखो लोकांनी बघितल्या आणि त्यांना काही मिळालं नाही. त्यांचंही बघणं वाया गेलं असं मला वाटत नाही, तुम्हाला वाटत असेल तर आपलं जमणार नाही, पुढचं पान उलटा. फोनचं म्हणाल तर तो विचारलेल्याचं उत्तर देतो. पंख्याकडे बघत पडायचं काम तो करत नाही.

घर आवरताना पंधरा-सोळाव्या वर्षी लिहिलेल्या कवितांची वही सापडली. वाचवेना! इतकी लाज वाटली की हे मी लिहिलंय यावर विश्वास बसेना. त्यात कुठेतरी वाचलं होतं की दर सात वर्षांनी शरीरातल्या सगळ्या पेशी बदलतात. मग तो पोरगा मी नव्हेच, असं म्हणून वही फेकून देऊ का?
– एक्स कवी

फेकू नका, आधी सात वर्षांचा आकडा फेका. प्रत्येक अवयवाचं वेळापत्रक वेगळं असतं. आतड्याचं अस्तर काही दिवसांत बदलतं, रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस टिकतात, हाडांचा सांगाडा नवा व्हायला दहाएक वर्षं लागतात. हृदयाच्या स्नायूच्या पेशी आख्ख्या आयुष्यात निम्म्यासुद्धा बदलत नाहीत, आणि मेंदूच्या बाह्य आवरणातल्या चेतापेशी जवळपास सगळ्या जन्मापासूनच्या त्याच. हे कळलं कसं ते तर भन्नाटच आहे. १९५० च्या दशकापासून मोकळ्या हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, त्यामुळे हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी भाऊबंद, जवळजवळ दुप्पट झाला, १९६३ साली त्या थांबवायचा करार झाल्यावर तो हळूहळू उतरत गेला. झाडांनी तो घेतला, झाडांकडून आपल्या पोटात आला, आणि ज्या वर्षी जी पेशी तयार झाली तिच्या डीएनएत त्या वर्षीचं प्रमाण कायमचं नोंदलं गेलं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या जोनास फ्रिसेन यांच्या गटाने २००५ मध्ये यावरूनच पेशींचं वय काढून दाखवलं. जगाने एकमेकांना घाबरवायला बॉम्ब फोडले आणि त्याचा शिक्का प्रत्येकाच्या पेशींवर तारखेसकट बसला, असा विचार केला की कसंतरीच होतं.

म्हणजे कविता ज्या डोक्यातून निघाल्या त्यातल्या बऱ्याचशा पेशी अजून तुमच्याकडेच आहेत. तुम्ही म्हणाल ठीक आहे, पण त्या पेशींतलं पाणी आणि प्रथिनंसुद्धा बदलत राहतात की. बदलतात. म्हणून माल तोच आहे का हे बघत बसण्यात अर्थ नाही, हा वाद मालावर सुटत नाही.

जॉन लॉक हा इंग्रज तत्त्वज्ञ सतराव्या शतकात म्हणाला की आठवण आहे तोवर तो तूच. वाचायला बरं वाटतं, पण पुढच्या शतकात थॉमस रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञाने त्याची विकेट काढली. एका म्हाताऱ्या सेनापतीला तरुणपणीचा पराक्रम आठवतो, त्या तरुण अधिकाऱ्याला लहानपणी खाल्लेला मार आठवत होता, पण सेनापतीला आता तो मार आठवत नाही. मग सेनापती म्हणजेच अधिकारी, अधिकारी म्हणजेच तो मुलगा, पण सेनापती म्हणजे तो मुलगा नव्हे? काहीतरीच! आणि या दोघांच्या कितीतरी आधी, ‘मिलिंदपञ्ह’ या पाली बौद्ध ग्रंथात, मिलिंद राजा म्हणजे ग्रीक मिनँडर नेमकं तुमचंच पत्र घेऊन नागसेन भिक्खूंकडे आलेला आहे: जो जन्मला तोच मोठा झाला की दुसराच कोणी? नागसेन म्हणतात तोही नाही आणि दुसराही नाही. दुसराच म्हणालास तर तुला आई नाही, गुरू नाही, आणि गुन्हा एकाने केला नि शिक्षा भलत्यालाच झाली असं होईल. मग ते रात्रभर जळणाऱ्या दिव्याचं उदाहरण देतात, पहिल्या प्रहरातली ज्योत तीच तिसऱ्या प्रहरात नसते, पण रात्रभर दिवे तीन जळले असंही कोणी म्हणत नाही. प्रश्नोत्तरांचं सदर चालवावं तर असं, आमची कुठली तेवढी ऐपत.

माझं विचाराल तर तुमचा निकाल तुमच्याच पत्रात आहे. कोणा परक्या पोराच्या वाईट कविता हाती लागल्या असत्या तर तुम्हाला हसू आलं असतं, फार तर कंटाळा. लाज नसती वाटली. तुम्हाला वाटली, आणि चांगली सणसणीत वाटली, म्हणजे लॉक काय म्हणतो, रीड काय म्हणतो, आतून तुम्ही कबूल केलेलंच आहे की तो तुम्हीच. गंमत म्हणजे त्या पोराचं काही चांगलं सापडलं असतं, समजा त्याने कोणाला मदत केल्याची चिठ्ठी, तर तुम्ही मला असं विचारलंच नसतं, लगेच स्वतःच्या नावावर जमा केलं असतं. वही ठेवा. वाचू नका हवं तर, पण ठेवा.

एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते आणि कशाला आले तेच विसरते. वय झालं का माझं?
– दारातली

वयाचं मला माहीत नाही, पण हा प्रकार तरुणांनाही होतो. गॅब्रिएल रॅडव्हान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की दार ओलांडलं की मेंदू आधीचा प्रसंग मिटवून नवा उघडतो आणि आधीच्या प्रसंगातलं सामान जरा मागे पडतं, परत पहिल्या खोलीत जाऊनही त्यांच्या प्रयोगात फायदा दिसला नाही. २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी करून बघितलं तर नुसत्या दाराने फारसं काही होईना, डोक्यात आधीच दुसरं ओझं असेल तेव्हाच विसर पडत होता. म्हणजे दाराला दोष द्यायचा तर जपून.

घड्याळाकडे एकदम नजर टाकली की सेकंदकाटा पहिल्या सेकंदाला थांबल्यासारखाच वाटतो आणि मग नेहमीसारखा चालतो. घड्याळ नवीन आहे.
– रात्री जागणारी

घड्याळ बरोबर आहे, बघणाऱ्याकडून गडबड आहे. नजर एका जागेवरून दुसरीकडे झेपावते तेव्हा मधलं सगळं फरफटत दिसायला पाहिजे, पण मेंदू तेवढा वेळ चित्र दाबून टाकतो, आणि नजर घड्याळावर पोचली की मधली फट भरायला ‘मी आधीपासूनच इथे बघत होते’ अशी मागल्या तारखेची नोंद करतो. म्हणून पहिला सेकंद लांबतो. आपण दिवसभरात हजारो वेळा नजर हलवतो आणि दर वेळी अशी थोडी खाडाखोड होते, फक्त समोर टिकटिकणारा साक्षीदार असला तरच पकडली जाते.

यावरून मला ‘आत्ता’ या प्रकाराबद्दलच संशय येतो. सूर्य दिसतो तो आठ मिनिटांपूर्वीचा हे शाळेत सांगितलेलं असतं, चंद्र सव्वा सेकंदापूर्वीचा, पण हे लांबच्याच गोष्टींचं आहे असं समजून आपण गप्प बसतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे हातभर अंतरावर बसलेलं माणूसही तुम्हाला एक-दोन नॅनोसेकंद जुनं दिसतं, आणि तुमच्या डोळ्यांना नि मेंदूला त्याचं चित्र जुळवायला लागणारा सेकंदाचा दहावा-विसावा हिस्सा तर त्यापुढे प्रचंड आहे. म्हणजे दोन माणसं बोलत बसलेली असतात तेव्हा दोघंही एकमेकांच्या किंचित भूतकाळाशी बोलत असतात. कोणाचंच अडत नाही. रात्री जागून हा विचार करू नका मात्र, झोप अजूनच जाईल, दिवसा करा.

मुलगी पाच वर्षांची आहे. विचारते, चंद्र आपल्याबरोबर का चालतो? मी म्हटलं त्याला तू आवडतेस. तर म्हणते मग मैत्रिणीबरोबर का जातो?
– हरलेली आई

पोरगी हुशार आहे, तिला तसलं उत्तर चालणार नाही. कारण अंतर. जवळची झाडं, खांब तुम्ही पुढे गेलात की मागे सरकतात, चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर आहे, तुमच्या चालण्याने त्याच्याकडे बघायची दिशा बदलतच नाही म्हणा ना. ताऱ्यांच्या मानाने तो त्याच्या स्वतःच्या रुंदीएवढा सरकलेला दिसायला तुम्हाला बाजूला तब्बल साडेतीन हजार किलोमीटर जावं लागेल, म्हणजे जेवढा तो स्वतः रुंद आहे तेवढंच. डोळ्यांना वाटतं जे मागे पडत नाही ते बरोबर येतंय.

पण मैत्रिणीचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे, तो सोडू नका. दोघींना एकाच जागेवरून पाठीला पाठ लावून विरुद्ध दिशांना चालायला सांगा, पन्नास पावलांवर थांबवा आणि विचारा चंद्र कोणाबरोबर आला. दोघी म्हणतील माझ्याबरोबर, आणि दोघीही डोळ्यांना दिसलं तेच सांगत असतील. मग त्यांनाच ठरवू द्या की असं कसं होईल. भांडण झालं तर ते सोडवायला मला बोलावू नका, पण काय ठरलं ते मात्र नक्की कळवा.